उत्प्रेरक अभिक्रियेत भाग घेतो का? घेतोच!

रसायनी

‘स्वतः अभिक्रियेत भाग न घेता अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ म्हणजे उत्प्रेरक.’ हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांना झोपेतून उठवलं तरी म्हणता येईल. परवा भाचीच्या क्लासच्या नोट्समध्ये ते पुन्हा दिसलं, जाड ठशात आणि खाली दोन रेघा ओढलेलं. या वाक्याचा पहिला अर्धा भाग चुकीचा आहे. तो पाठ केला की उत्प्रेरकाबद्दलचं जे खरोखर बघण्यासारखं आहे, तिकडे मुलांचं लक्षच जात नाही. म्हणून हा धागा.

उत्प्रेरक अभिक्रियेत चांगला हात घालतो. एका पदार्थाशी बंध जोडतो, स्वतः बदलतो, पुढच्या पायरीवर ते बंध सोडतो आणि पुन्हा पहिल्यासारखा होतो. जमाखर्चात तो दोन्ही बाजूंना येतो, म्हणून शेवटच्या समीकरणातून कटतो. समीकरणात नाव नाही याचा अर्थ कामावर हजर नव्हता असा होत नाही.

याचा पुरावा दोनशे वर्षांहून जुना आहे. सल्फ्युरिक आम्ल पूर्वी शिशाच्या पत्र्यांनी मढवलेल्या मोठमोठ्या खोल्यांत बनवत. गंधक जाळायचं आणि सोबत थोडा सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, घालायचा. सोरा गंधकाला ऑक्सिजन पुरवतो, अशी समजूत होती. पण एवढ्याशा सोऱ्यात एवढा ऑक्सिजन असणार कुठून? १८०६ साली क्लेमाँ आणि देझोर्म या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी उलगडा केला. सोऱ्यातून निघणारा नायट्रिक ऑक्साइड हा रंगहीन वायू हवेतला ऑक्सिजन उचलतो आणि तांबूस-तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड होतो. तो ऑक्सिजन सल्फर डायऑक्साइडला देऊन टाकतो आणि परत रंगहीन होतो. पुन्हा हवेतून उचल, पुन्हा दे. ऑक्सिजन सगळा हवेतला, हमाली या वायूची. ‘कॅटॅलिसिस’ (उत्प्रेरण) हा शब्द स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसने वापरात आणला तो १८३५ मध्ये, म्हणजे कामाची रीत आधी कळली आणि नाव जवळपास तीस वर्षांनी मिळालं.

आता त्या खोल्या गेल्या, सल्फर डायऑक्साइडला ऑक्सिजन देण्याच्या कामावर व्हॅनेडियम पेंटॉक्साइड आला. मी अशाच एका प्लांटवर काम करतो. कन्व्हर्टरमध्ये कॅटॅलिस्टचे एकावर एक थर असतात, आम्ही त्यांना बेडच म्हणतो. बोटाच्या पेराएवढ्या सच्छिद्र सिलिकाच्या कड्या, आणि त्यांच्या छिद्रांत पोटॅशियमच्या क्षारांबरोबर व्हॅनेडियम. चारशे-साडेचारशे अंशांना हे क्षार वितळलेले असतात, म्हणजे बाहेरून कोरडी दिसणारी कडी आतून ओली असते आणि खरं काम त्या ओलीत चालतं. शटडाऊनला मॅनहोल उघडून माणसं आत उतरतात, माल बाहेर काढून चाळतात, चुरा वेगळा करतात, कमी पडलेला भरतात. चांगला माल पिवळसर-सोनेरी असतो. पण जिथे तापमान उतरलेलं असताना सल्फर डायऑक्साइड साचून राहिला, तिथल्या कड्या हिरव्या निघतात. ऑक्सिजन देऊन बसलेलं, परत घेऊ न शकलेलं व्हॅनेडियम ते. भाग घेत नाही म्हणणाऱ्याला त्यातली एक हिरवी कडी हातात द्यावी.

तुमच्या कामात, स्वयंपाकघरात, शेतात उत्प्रेरक कुठे भेटतो ते लिहा. नीट चर्चा होऊ दे.

शेवंती

रसायनीदादा, धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते आणि दरवर्षी या वाक्याशी झगडते. मुलं शाळेतून ते इतकं घट्ट करून आणतात की सोडवताना वेळ जातो.

मी एक प्रयोग करून दाखवते, तो इथे लिहिते. रोशेल सॉल्टचं, म्हणजे सोडियम पोटॅशियम टार्ट्रेटचं, द्रावण गरम करायचं, साधारण ७० अंशांपर्यंत. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड घालायचं. बुडबुडे येतात, पण मरगळलेले. मग कोबाल्ट क्लोराइडचं थोडं गुलाबी द्रावण ओतायचं. पहिले काही क्षण सगळं गुलाबी, वर्गात शांतता. मग बघता बघता द्रावण गर्द हिरवं होतं आणि एवढा फेस येतो की चंचुपात्र उंच घेतलेलं बरं. फेस ओसरला की हिरवा रंग जातो आणि तोच गुलाबी परत येतो. जोरात फेस येतो तो नेमका हिरवेपणी. गुलाबी कोबाल्टचं ऑक्सिडीभवन होऊन हिरवा संयुग बनतो, तो टार्ट्रेटला तोडतो आणि तोडता तोडता स्वतः पुन्हा गुलाबी होतो.

हिरवं असताना त्यातलं थोडं बर्फात ठेवलेल्या परीक्षानळीत ओतलं तर ते बराच वेळ हिरवंच राहतं. मधली अवस्था अशी धरून ठेवता येते. मग विचारायचं, ‘हा हिरवा कोण?’ वर्गातून कुणी ना कुणी म्हणतंच, ‘मॅडम, म्हणजे कोबाल्टने भाग घेतला!’ हे मुलांच्या तोंडून आलं की माझं काम झालं.

मँगनीज डायऑक्साइडचा शाळेतला प्रयोग मी म्हणूनच मागे ठेवते. काळी पूड आधी काळी, नंतरही काळी. मधे काय घडलं ते दिसत नाही, आणि त्या पुडीनेच हा गैरसमज पसरवलाय असं माझं मत आहे.

घाटमाथा

माहितीपूर्ण धागा. वाचतोय. परीक्षेत मग नेमकं काय लिहायचं तेही सांगा कुणीतरी, घरी दहावीचा विद्यार्थी आहे.

शेवंती

@घाटमाथा, ‘अभिक्रियेचा वेग वाढवणारा आणि अभिक्रियेच्या शेवटी रासायनिक बदल न होता परत मिळणारा पदार्थ’ एवढं लिहू दे. हे बरोबरही आहे आणि कुठलाही परीक्षक गुण कापणार नाही. ‘शेवटी’ हा शब्द मात्र गाळू नये, सगळं त्याच्यावर उभं आहे.

मुक्तछंद

द्रावणातलं पटलं, वायूचंही पटलं. पण घन पदार्थाचं काय? प्लॅटिनमच्या पत्र्यावर वायू येऊन बसतात, जवळ जवळ येतात आणि आपापसात जुळतात. प्लॅटिनमने नुसती जागा दिली. तिथे ‘भाग घेतला’ म्हणणं ओढूनताणून वाटतं.

रसायनी

@मुक्तछंद, फार चांगला प्रश्न. शंभर वर्षांपूर्वी मोठमोठ्या लोकांनाही असंच वाटत होतं. याचं उत्तर अमोनियाच्या लोखंडात आहे.

नायट्रोजनच्या रेणूत दोन अणू तिहेरी बंधाने धरलेले असतात. तो तोडायला मोलमागे सुमारे ९४५ किलोज्यूल लागतात, म्हणून हवेत ७८ टक्के नायट्रोजन असून पिकाला त्याचा थेट उपयोग नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हाबरने १९०९ मध्ये नायट्रोजन आणि हायड्रोजन यांपासून थेट अमोनिया करून दाखवला, पण त्याचा उत्प्रेरक होता ऑस्मियम. जगातलं सगळं ऑस्मियम गोळा केलं तरी कारखाने चालले नसते. मग बीएएसएफ या जर्मन कंपनीत मिटाश आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्वस्त उत्प्रेरकासाठी हजारो चाचण्या केल्या. स्वीडनच्या एका खाणीतल्या मॅग्नेटाइट या लोहखनिजाने अचानक उत्तम काम केलं, शुद्ध लोखंडाने केलं नाही. म्हणजे जादू त्यातल्या भेसळीत होती. अ‍ॅल्युमिना आणि पोटॅश मोजून मिसळलेलं लोखंड तिथून आलं आणि १९१३ मध्ये जर्मनीतला ओप्पाऊचा कारखाना सुरू झाला. अलिबागजवळ थळला खत कारखान्यात अमोनिया होतो तोही याच घराण्यातल्या लोखंडावर.

तुमच्या शंकेचं उत्तर गेरहार्ट एर्टल यांनी दिलं, त्याबद्दल त्यांना २००७ चं नोबेल मिळालं. त्यांनी दाखवलं की नायट्रोजनचा रेणू लोखंडावर नुसता बसत नाही, तुटतो. दोन्ही अणू लोखंडाच्या अणूंशी बंध करतात, म्हणजे पृष्ठभागावर तात्पुरता लोखंडाचा नायट्राइडच तयार होतो. मग हायड्रोजनचे अणू एकेक करून येऊन नायट्रोजनला चिकटतात, आणि तिसरा लागला की अमोनिया सुटून जातो. तो तिहेरी बंध तोडणारा हात लोखंडाचा आहे. पोटॅशियम लोखंडाला इलेक्ट्रॉन देऊन त्याची पकड वाढवतं, तर अ‍ॅल्युमिना लोखंडाचे कण एकमेकांत विरघळून मोठे होऊ देत नाही.

प्लॅटिनमबद्दलही सांगतो. नायट्रिक आम्लाच्या प्लांटमध्ये प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या तारेची जाळी असते, तिच्यावर अमोनिया साडेआठशे-नऊशे अंशांना जळतो. नवी जाळी भिंगाखाली पाहिली तर तार गुळगुळीत असते. काही काळ चाललेल्या जाळीच्या तारेवर सगळीकडे फुगीर, खडबडीत कोंब आलेले असतात. प्लॅटिनमचे अणू जागा सोडून हलतात, काही वायूबरोबर उडून जातात आणि ते पकडायला खाली पॅलेडियमची दुसरी जाळी बसवावी लागते. नुसती जागा देणारी तार अशी उगवली नसती.

मुक्तछंद

पटलं. जाळीचे भिंगाखालचे फोटो शोधून पाहिले. थक्क व्हायला होतं.

इंजिनवाला

गाड्यांचं मी लिहितो. पेट्रोल गाडीच्या एक्झॉस्टमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, गॅरेजमध्ये सगळे ‘कॅटकॉन’ म्हणतात. उभा कापला की आत सिरॅमिकची जाळी दिसते, एका चौरस इंचात चारशेच्या आसपास चौकोनी भोकं, आरपार. त्यांच्या भिंतींवर अ‍ॅल्युमिनाचा लेप आणि त्या लेपात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम मिळून अवघे काही ग्रॅम. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल यांचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं, नायट्रोजनच्या ऑक्साइडचा परत नायट्रोजन होतो.

उत्प्रेरक भाग घेतो याचा माझ्याकडचा पुरावा म्हणजे त्याला विष बाधतं. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं असायचं. ते प्लॅटिनमला असं चिकटतं की सोडतच नाही. जो कुणाशी बंधच करत नाही त्याला विष कसं बाधेल? म्हणूनच आपल्याकडे एप्रिल १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या गाड्यांना कॅटकॉन सक्तीचा झाला तेव्हा त्याच वेळी बिनशिशाचं पेट्रोल आणावं लागलं. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं बंद झालं. जगातला शेवटचा देश अल्जिरिया, तिथे २०२१ मध्ये थांबलं. मुलांच्या मेंदूला शिसं घातक आहे हे डॉक्टर कितीतरी आधीपासून सांगत होते. पण पेट्रोलमधून ते निघण्यात या नाजूक जाळीचा मोठा वाटा आहे, आणि याबद्दल मला या वस्तूविषयी खरोखर आदर वाटतो.

ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवा. इंजिन मिसफायर करत असेल तर तसंच दामटू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटकॉनमध्ये जाऊन तिथे जळतं आणि सिरॅमिक वितळतं. तसंच ऑइल जळत असेल तर ऑइलमधला फॉस्फरस आणि जस्त जाळीवर बसतात. दोन्हींत खर्च मोठा. आणि गाडी सुरू केल्या केल्या कॅटकॉन काम करत नसतो, अडीचशे-तीनशे अंशांच्या वर तापला की मग लागतो. घरापासून कोपऱ्यापर्यंत गाडी नेली तर सगळा धूर तसाच बाहेर.

सुगरण_साताऱ्याची

माझा साधा प्रश्न. दुधाला विरजण लावतो ते उत्प्रेरक का? थोडंसं लावलं की भांडंभर दही होतं, आणि त्यातलंच उद्याला काढून ठेवता येतं. आणि मटणाला कच्ची पपई लावतो, ती?

शेवंती

@सुगरण_साताऱ्याची, ताई, दोन्ही उदाहरणं छान आहेत आणि दोघांची उत्तरं वेगळी आहेत.

पपई हो. कच्च्या पपईच्या चिकात पपेन नावाचं विकर असतं, ते मांसातल्या प्रथिनांच्या साखळ्या तोडतं. विकर म्हणजे सजीवांनी बनवलेला उत्प्रेरकच. एकेक रेणू एक साखळी तोडतो, सुटतो, दुसरी धरतो. म्हणून थोडी पपई पुरते आणि जास्त वेळ ठेवली तर मटणाचा लगदा होतो. पपई आधी शिजवून लावली तर काही उपयोग नाही, उष्णतेने विकराची घडी मोडते. अननसातही असंच विकर असतं. म्हणून ताजा अननस घातलेली जिलेटीनची जेली सेट होत नाही, डब्यातला घातला तर होते, कारण डब्यातला तापवलेला असतो.

विरजण मात्र जिवाणू आहेत. ते दुधातली साखर खातात, लॅक्टिक आम्ल सोडतात आणि स्वतः वाढतात. उत्प्रेरक जेवढा घातला तेवढाच परत मिळायला हवा, इथे तो कैक पटींनी वाढतो. जिवाणूंच्या आतली विकरं उत्प्रेरक, विरजण नाही. अभिक्रियेतून तयार होणारा पदार्थच तिला वेग देतो अशी उदाहरणं रसायनशास्त्रात आहेत, त्याला स्वयंउत्प्रेरण म्हणतात. बारावीला ऑक्झॅलिक आम्ल आणि परमँगनेटचं अनुमापन केलेल्यांना आठवेल, पहिल्या थेंबाचा गुलाबी रंग जायला वेळ लागतो, नंतरचे थेंब पडताक्षणी विरतात. तयार झालेले मँगनीजचे आयन पुढच्या थेंबांचं काम सोपं करतात.

तुमच्या घरात आणखी एक आहे. नाचणीला मोड आणून वाळवून सत्व करतो ना? मोड येताना दाण्यात अमायलेज तयार होतं. ते पिष्टाचे तुकडे करतं, म्हणून मोडाच्या पिठाची पेज पातळ राहते आणि बाळाला एका वाटीत जास्त पीठ देता येतं. साध्या पिठाची पेज तेवढ्याच पिठात घट्ट गोळा होते.

सुगरण_साताऱ्याची

आजी म्हणायची, मोडाचं सत्व पोटाला हलकं. आता कारण कळलं. धन्यवाद ताई.

घाटमाथा

एक अडलंय. उत्प्रेरकाने उत्पादन वाढतं असं कंपन्यांच्या बातम्यांत वाचतो. तर उत्प्रेरक अभिक्रिया पुढे ढकलतो का? म्हणजे जिथे निम्मंच रूपांतर होत होतं तिथे पूर्ण होतं का?

रसायनी

नाही, आणि यावर जरा थांबू या, कारण उत्प्रेरकाबद्दलचा दुसरा मोठा गैरसमज हा आहे.

तुमच्या नावावरूनच सांगतो. घाट चढून पलीकडे जायचं की बोगद्यातून, याने वेळ बदलतो. दोन्ही गावांची समुद्रसपाटीपासूनची उंची बदलत नाही. आणि बोगदा जाणाऱ्यांना जेवढा सोपा तेवढाच परत येणाऱ्यांनाही. उत्प्रेरक पुढची आणि उलटी, दोन्ही अभिक्रिया सारख्याच पटीने वाढवतो. समतोल, म्हणजे दोन्ही अभिक्रियांचा वेग सारखा होतो ती अवस्था, जिथे होता तिथेच, फक्त तिथे लवकर पोचतो.

अमोनियाचंच बघा. समतोलाचा विचार केला तर तापमान कमी हवं, कारण अभिक्रियेत उष्णता बाहेर पडते. पण कमी तापमानाला लोखंड सुस्त. म्हणून ४०० ते ५०० अंश, आणि त्याची भरपाई करायला शे-दोनशे वातावरणांचा दाब. एवढं करून एका फेरीत साधारण १५ टक्केच वायूंचा अमोनिया होतो. तो थंड करून द्रवरूपात काढून घेतात आणि उरलेले वायू परत फिरवतात. उत्प्रेरक कितीही चांगला आणला तरी त्या तापमानाला, त्या दाबाला समतोलाच्या पुढे एक पाऊल जाता येत नाही. चांगल्या उत्प्रेरकाचा खरा फायदा हा की कमी तापमानाला काम करता येतं आणि तिथे समतोल आपल्या बाजूला असतो.

बातम्यांतलं ‘उत्पादन वाढलं’ हे बहुतेक वेळा दोन अर्थांनी खरं असतं. एक, तासाला जास्त माल निघतो. दुसरा अर्थ निवडक्षमतेचा. त्याच कच्च्या मालातून चार गोष्टी होऊ शकत असतील तर हवी ती जास्त होते. यावर जाणकारांनी लिहावं.

पाषाणकर

निवडक्षमतेवर लिहितो, कारण यात पुण्याचा वाटा मोठा आहे आणि आपल्याच लोकांना तो माहीत नसतो.

राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे पाषाण रस्त्यावरच्या एनसीएलमध्ये, ऐंशीच्या दशकात झिओलाइट प्रकारचे उत्प्रेरक विकसित झाले. एनसीएलच्याच नावावरून त्यांना ‘एन्सिलाइट’ म्हटलं. डॉ. एल. के. दोराईस्वामी तेव्हा संचालक होते, आणि पुढे संचालक झालेले डॉ. पॉल रत्नसामी या कामातले मुख्य शास्त्रज्ञ. झायलीन या पॉलिस्टरच्या कच्च्या मालाच्या प्रक्रियेत हा उत्प्रेरक बडोद्याच्या आयपीसीएल या पेट्रोकेमिकल कंपनीत कारखान्याच्या पातळीवर वापरला गेला. तोपर्यंत असा माल परदेशातून यायचा, परदेशी अटींवर.

झिओलाइट म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचा स्फटिक, आत नियमित मापाची भुयारं. या प्रकारात भुयाराची रुंदी साधारण ०.५५ नॅनोमीटर, म्हणजे रेणूच्याच मापाची. झायलीनचे तीन भाऊ असतात, ऑर्थो, मेटा आणि पॅरा. अणू तेच, मांडणी वेगळी. पॉलिस्टरच्या धाग्याला पॅरा हवा. पॅराचा रेणू सडपातळ, तो भुयारातून चटकन निसटतो. बाकीचे दोघे अडखळतात आणि आत अडकलेले असताना पुन्हा पुन्हा रूप बदलतात. भिंतींच्या मापामुळे कुणाला वाट मिळणार हे ठरतं. अंगावरच्या पॉलिस्टरच्या शर्टामागे एवढं सूक्ष्म भूमितीचं काम आहे.

निवडक्षमता कमी पडली की काय होतं त्याचं उदाहरण वनस्पती तूप. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ साबात्येने निकेलवर हायड्रोजन जोडण्याची रीत शोधली, त्याला १९१२ चं नोबेल मिळालं. १९०२ मध्ये नॉर्मानने ती तेलाला लावली. तेलातल्या दुहेरी बंधांवर हायड्रोजन बसला की ते घट्ट होतं. पण निकेल दुहेरी बंध अर्धवट उघडतो आणि कधी कधी हायड्रोजन न लावताच परत सोडतो, तेव्हा बंधाची दिशा उलटते. तीच ट्रान्स फॅट, हृदयाला घातक. आपल्याकडे २०२२ पासून तेल-तुपातल्या अशा मेदावर २ टक्क्यांची मर्यादा आहे. निकेलने ‘भाग घेतला नसता’ तर ट्रान्स फॅट बनलीच नसती.

वृत्तपत्रप्रेमी

उत्तम चर्चा. वर्तमानपत्रांत ‘ही घटना परिवर्तनाची उत्प्रेरक ठरली’ असं सर्रास येतं. ते कितपत योग्य?

रसायनी

माझं मत सांगतो. घटना एकदा घडते आणि संपते. तिच्यामुळे आंदोलन पेटलं तर ती ठिणगी. काडी जळून जाते, दुसऱ्या कामाला उरत नाही. गावातलं वाचनालय, दरवर्षी नव्या मुलांना अभ्यासाला लावणारी एखादी बाई, बचतगट उभे करून पुढच्या गावाला जाणारी कार्यकर्ती, यांना उत्प्रेरक म्हटलं तर मला ते मनापासून मान्य आहे. ते त्या कामात पूर्ण गुंततात आणि पुढच्या कामालाही तेवढेच शिल्लक असतात.

वृत्तपत्रप्रेमी

आणि उत्प्रेरक नेहमी चांगल्याच कामाचा असतो, असा जो सूर असतो, तो?

इंजिनवाला

तो नाही पटत. ओझोनचं बघा. फ्रिज आणि स्प्रेमधले क्लोरोफ्लुरोकार्बन वर गेले की तिथे क्लोरीनचा अणू सुटतो. तो ओझोनमधला एक ऑक्सिजन काढून घेतो, सुट्या ऑक्सिजन अणूला देतो आणि मोकळा होतो. असा एक अणू सुमारे १ लाख ओझोन रेणू संपवू शकतो. मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्ये हे मांडलं, १९८७ मध्ये या वायूंवर बंधनं घालणारा माँट्रियल करार झाला, १९९५ मध्ये क्रुट्झेन यांच्याबरोबर दोघांना नोबेल मिळालं. एवढासा वायू एवढा मोठा थर कसा खाईल, असं तेव्हा उद्योगवाले म्हणत. उत्प्रेरक खर्च होत नाही, हेच त्याचं उत्तर होतं.

फडकरी

कारखान्याच्या पट्ट्यातला आहे, उसाचं सांगतो. आमचं नुकसान करणारा उत्प्रेरक उसातच बसलेला असतो.

ऊस उभा असतो तोवर ठीक. तोडला की कांड्यातलं इन्व्हर्टेज नावाचं विकर साखरेचे दोन तुकडे करायला लागतं, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. गोडी जात नाही, पण त्यांची दाणेदार साखर बनत नाही, ते मळीत जातात. वरून तोडलेल्या टोकांतून जिवाणू शिरतात ते वेगळेच. म्हणून फडातून मोळी निघाल्यावर ती चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावी, अशी धडपड असते. ट्रॅक्टर गेटवर रांगेत अडकला, ऊन कडक असलं, की उतारा घसरलाच समजा. जळका ऊस तर आणखी लवकर खराब होतो.

रस काढल्यावर धोका संपत नाही. उसाचा रस मुळात आंबट असतो, सामू (पीएच) साडेपाचच्या खाली. तापवला की त्यातलं आम्लच उत्प्रेरक बनून साखर फोडतं. म्हणून रसात पहिल्यांदा चुन्याची निवळी जाते.

मागे वाचलेलं सांगतो, इथे जुळतं. अभिक्रियेचा वेग पहिल्यांदा नीट मोजला गेला तो उसाच्या साखरेवरच. १८५० साली विल्हेल्मी नावाच्या जर्मन माणसाने साखरेच्या द्रावणात आम्ल घातलं आणि ध्रुवित प्रकाशाचं वळण कसं बदलत जातं ते पाहून वेग काढला. आमच्या लॅबमध्ये केमिस्ट रोज ‘पोल’, म्हणजे रसातलं साखरेचं प्रमाण, काढतो ते याच तत्त्वावरच्या यंत्राने.

शेवंती

फडकरीदादा, विल्हेल्मीचा प्रयोग मी पुस्तकातून शिकवते. पोलशी त्याचा असा संबंध जोडून सांगितला तर आमच्याकडच्या मुलांना तो लगेच घरचा वाटेल. उद्याच सांगते.

सुगरण_साताऱ्याची

आमच्याकडे गुऱ्हाळात काहिलीत भेंडीच्या झाडाचा चिक टाकतात. थोडाच टाकतात आणि सगळा रस स्वच्छ होतो. तो तरी उत्प्रेरक का?

फडकरी

नाही ताई. भेंडीचा चिकट द्रव रसातला गाळ, मेण, कचरा धरून वर आणतो आणि त्याच्याबरोबर झाऱ्याने काढून टाकला जातो. म्हणजे तो खर्च होतो, दुसऱ्या काहिलीला नवा लागतो. तुरटी गढूळ पाण्यात टाकतो तेही तसंच. काहिलीत उत्प्रेरकाशी संबंध येतो तो चुन्याचा, आणि तोही उलटा. चुना आम्ल मारतो, म्हणजे साखर फोडणारा उत्प्रेरकच रसातून कमी करतो. चुना कमी पडला तर साखर फुटते आणि गूळ मऊ राहतो, ढेप नीट बसत नाही. जास्त पडला तर गूळ काळपट होतो. चांगला गुळव्या रसाचा रंग बघून अंदाज घेतो. आता बरेच जण सामू मोजायची कागदी पट्टी ठेवतात, स्वस्त पडते. तुमच्याकडच्या गुऱ्हाळवाल्यांना जरूर सांगा.